नाही म्हणायला आलेला फोन

बिडकीनपलीकडच्या वस्तीवरचा गोकुळ कॉम्प्युटर शिकला, पण हे शिकून पुढं करतात काय, हे घरात कुणालाच नीट उमगलं नव्हतं. वडील पुंजाराम मेंढरं राखायचे. सलग दुसऱ्या साली पावसानं दडी मारली, तसे ते कळप घेऊन पैठणकडं धरणाच्या कडेला गेले. गोकुळ शहरात, बजाजनगरात मित्राच्या खोलीवर राहिला. दिवसा गुलमंडीत कापडाच्या दुकानात ठाण उलगडायचा आणि वेळ मिळेल तसा नोकरी शोधायचा.

नोकरी मिळवून देणाऱ्या पहिल्याच कन्सल्टन्सीवाल्यानं घात केला. न विचारता त्याच्या बायोडाटात दोन वर्षांचा अनुभव घुसडला. पुण्याला मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "या कंपनीत तुम्ही नेमकं काय करत होतात?" त्या कंपनीचं नाव गोकुळ पहिल्यांदाच ऐकत होता. खोटारडा ठरून तो परतला. त्या माणसानं पुन्हा फोन उचलला नाही.

म्हणून दुसऱ्या कन्सल्टन्सीतून शीला नावाच्या बाईचा फोन आला, तेव्हा तो तडकलाच. "मॅडम, माझ्या नावावर काय काय खोटं लिहिलंय, ते आधी सांगा."

ती म्हणाली, "काहीच नाही. जे पाठवीन ते आधी तुम्हाला दाखवीन. अनुभव नसू दे, दुसरं काय केलंय?"

गोकुळनं अडखळत सांगितलं. वस्तीवर टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, बाया हंडे घेऊन ताटकळायच्या. ड्रायव्हरनं निघताना मिस कॉल दिला की घराघरात मेसेज जाईल, असं त्यानं जुळवून दिलं होतं.

"मग हे बायोडाटात का नाही?"

"त्यात काय लिहायचं, मॅडम?"

"अहो, हेच तर लिहायचं!"

चिकलठाण्याच्या एका लहान कंपनीत मुलाखत झाली. टँकरची गोष्ट साहेबांनी आवडीनं ऐकली, पण पुढच्या प्रश्नांना गोकुळ अडला. संध्याकाळी शीलाचा फोन आला. "या वेळी नाही झालं. तुमचा डेटाबेसचा अभ्यास कच्चा आहे, म्हणाले. तयारी करा. जागा निघाली की मी कळवते."

नकारच होता, तरी गोकुळला हलकं वाटलं. नाही म्हणायला आजवर कुणी फोनच केला नव्हता. त्यानं झटून अभ्यास केला.

दिवाळीनंतर शीलानं खरंच कळवलं. या खेपेला त्याची निवड झाली. त्यानं लगेच वडिलांना फोन लावला.

"आबा, लागलो नोकरीला! त्या शीलाताईंनी जागा कळवली व्हती."

"ती तुला फसवीत तर नाय ना? तिचा धंदाच हाय तो."

"व्हय, धंदाच हाय. पर खरं बोलून करती. तोंडावर नाय म्हणती."

"मंग एकदा वस्तीवर जेवायला बोलाव तिला," पुंजाराम म्हणाले, आणि पांगलेली मेंढरं वळवायला निघाले.