पुस्तक धरणारा शिपाई

कोर्टातल्या त्या शिपायाचं काम एवढंच: साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याच्यापुढे बायबल धरायचं. सव्वीस वर्षं धरलं. तोंड उघडायची गरज नव्हती आणि स्वभावही नव्हता. बायको म्हणायची, "तुम्हाला देवाने जीभ फक्त जेवायला दिलीय." एक गोष्ट मात्र त्याने तिलाच तेवढी सांगितली होती. कोणी खोटी शपथ घेतली की पुस्तक हातात गार पडायचं.

मग हुकूम निघाला. रविवारच्या प्रार्थनेत देवाच्या नावापाठोपाठ प्रशासकसाहेबांचंही नाव घ्यायचं. सगळ्यांनी घेतलं. शिपायानेही घेतलं, खाली मान घालून. शिवणकाम करणाऱ्या एका विधवेने तेवढं घेतलं नाही. आठवड्याच्या आत तिच्या घराला सील लागलं. बाई मुकाट बसणाऱ्यांतली नव्हती, तिने दावा लावला.

साक्षीला खुद्द साहेब आले. घर पडायला आलं होतं, तिच्याच जिवासाठी सील केलं, असं सांगणार होते. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला आणि शिपायाची बोटं बधिर झाली. भर दुपार, खिडक्या सताड उघड्या, तरी त्याच्या श्वासाची वाफ दिसली.

"मी खरं सांगेन" इतकंच म्हणायचं होतं. साहेबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. बाहेरचा रस्ताही चिडीचूप झाला होता. साहेबांना यातलं काही कळलेलं दिसत नव्हतं. आपण बोलतोय तरी कोणी लिहून का घेत नाही, म्हणून ते रागाने न्यायाधीशांकडे बघत होते.

शेवटी ते कडाडले, आणि हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं, "माझा अधिकार देवाने दिलाय!"

"दिला असेल, साहेब," शिपाई म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "म्हणून तर त्याला जाब द्यायचाय. या बाईलाही त्यानेच घडवलंय."

न्यायाधीशांचा चेहरा पांढराफटक पडला होता. शपथ झाली नाही, तेव्हा साक्षही नाही, असं पुटपुटत त्यांनी सील काढायचा हुकूम लिहिला. त्याच संध्याकाळी बाई घरात शिरली. आठ दिवसांत शिपायाची रवानगी तळघरातल्या दप्तरखान्यात झाली. त्या दुपारबद्दल त्याला कोणी चकार शब्दाने विचारलं नाही.

बायकोने तेवढं विचारलं, "भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली ना. अजून वाटते."

"साहेबांची?"

त्याने नुसतीच नकारार्थी मान हलवली.