जुना लॅपटॉप आणि खालच्या घरचं वायफाय

उरवड्यातला आमचा कारखाना बंद होऊन दुसऱ्या राज्यात गेला. मशिनं ट्रकवर चढली, माणसं आपापल्या गावी गेली. मी तिथे स्टोअर सांभाळत होते. कंपनीचा लॅपटॉप परत केला, सही केली आणि खोलीवर आले. वय एक्कावन्न. गावी म्हणजे नांदेडला भावाकडे जाता आलं असतं, पण त्यानं ये म्हटलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

घरून करायच्या एका नोकरीची ऑनलाइन परीक्षा बुधवारी अकराला होती. सव्वाअकरानंतर आत घेणार नव्हते, आणि पुन्हा संधीही नव्हती. परीक्षा मोबाइलवर चालत नाही, कॅमेरा असलेला कॉम्प्युटर हवा. माझ्याकडे होता तो बारा वर्षांचा, माळ्यावर पडलेला लॅपटॉप. चालू व्हायलाच पंधरा मिनिटं घेत होता, म्हणून सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. मशीन पळायला लागलं, पण वायफाय गेलं. वायफायच्या कार्डाला चालवणारं जे छोटं सॉफ्टवेअर असतं, ड्रायव्हर, तेही बाकीच्याबरोबर पुसलं गेलं होतं.

नेटशिवाय ड्रायव्हर मिळेना आणि ड्रायव्हरशिवाय नेट. माझ्या मोबाइलमधून लॅपटॉपला फक्त सिमचं नेट देता येतं, वायफायचं नाही. मग मोबाइल केबलनं लॅपटॉपला जोडला आणि दोन्ही घेऊन गॅलरीच्या कोपऱ्यात बसले, कारण आमच्याकडे डोंगराच्या आडोशाला रेंजची एक काडी येते ती तिथेच. तेवढ्यावर परीक्षा झाली नसती. लहान फाइल मात्र उतरते.

लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलसमोर वायफायचे तीन ड्रायव्हर होते. पहिला टाकला, काही नाही. दुसरा टाकला, मशीन दोनदा बंद पडलं. त्यात सोमवार गेला. मंगळवारी सकाळी शहाणपण सुचलं. लॅपटॉप पालथा घातला, मागचं झाकण उघडलं आणि आतल्या कार्डावरचा नंबर भिंगानं वाचला. एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळी कार्डं बसवते, त्यामुळे ड्रायव्हर कार्ड बघून निवडायचा असतो. स्टोअरमध्ये बारा वर्षं मी पोरांना हेच सांगत आले, की खोक्यावरचं नाव वाचू नका, आतल्या पार्टचा नंबर वाचा. माझ्याच मशिनाच्या वेळी विसरले.

माझ्या नंबराचा ड्रायव्हर तिसरा निघाला. तो उतरायला दुपार गेली. संध्याकाळी टाकला आणि पडद्यावर नेटवर्कची यादी आली. सगळ्यात वर खालच्या घरमालकांचं नाव. खोलीबरोबर त्यांचं वायफायही मला दिलेलं आहे. जोडलं, चाललं. कोणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून फोन हातात घेतला. नावं वर सरकवली, खाली सरकवली आणि कुकर लावला.

बुधवारी साडेदहापर्यंत सगळं ठीक होतं. नंतर यादीतून घरमालकांचं नाव गेलं. मला वाटलं, ड्रायव्हरनं दगा दिला. मी तो काढून टाकला, त्यात पंधरा मिनिटं गेली. पुन्हा टाकण्याआधी सहज मोबाइलमध्ये पाहिलं, तर तिथेही ते नाव नव्हतं. म्हणजे लॅपटॉपचा दोष नव्हता, खालचा राउटरच बंद होता. ही तपासणी आधी करायची असते.

खाली गेले तर दाराला कुलूप. तीन वर्षं त्या घराच्या वरच्या खोलीत राहते, पण मालकीणबाईंचा नंबर माझ्याकडे नव्हता. काही लागलं तर जिन्यातून हाक मारायची, एवढाच आमचा व्यवहार. भात काढणी चालली होती, म्हणून त्यांच्या शेताकडे सुटले. दहा मिनिटांची वाट मी सहात गाठली.

"आवो म्याडम, तुमी हितं कुटं?" त्या विळा घेऊनच उठल्या.

"मावशी, वायफाय बंद आहे. अकराला माझी परीक्षा आहे."

"त्यो डबा व्हय? घरात कुणी न्हाई तर कशाला जळत ठिवायचा? निघताना बटन दाबूनच येते मी. रोजचंच हाय."

"रोज? मला माहीतच नव्हतं."

"कसं असंल? दिवसभर तुमी कारखान्यात. आन् तीन वरसांत एकदा तरी च्याला खाली आला का? आला असता तर कळलं असतं." कमरेची किल्ली सोडून त्यांनी माझ्या हातात दिली. "जावा, उघडा. टीव्हीच्या मागं बटन हाय. मांजर भाईर जाऊ देऊ नका. आन् या वयात कसली वो परीक्षा?"

"नोकरीची."

"मग पळा की! माझ्या तोंडाकडं काय बघताय?"

पळाले. बटण दाबलं, मांजर आत ढकललं, वर आले. ड्रायव्हरची फाइल लॅपटॉपवर होती, ती पुन्हा टाकायला चार मिनिटं गेली. अकरा वाजून अकरा मिनिटांनी मी आत होते.

निवड झाली, हे आत्ताच सांगून टाकते. त्या सकाळचं मला आठवतं ते निराळंच आहे. प्रश्नपत्रिका उघडण्याआधी पडद्यावर परीक्षेवर लक्ष ठेवणारी एक मुलगी आली. नियमच आहे, म्हणाली, लॅपटॉप उचलून सगळी खोली दाखवा, आत दुसरं कोणी असता कामा नये.

मी हळूहळू फिरवला. पलंग, ओटा, कपाट, एक खुर्ची, दोरीवरची साडी.

"दाराच्या मागेही दाखवा, मॅडम."

दाखवलं.

"घरात आणखी कोणी आहे? मध्येच कोणी येण्याची शक्यता?"

"नाही."

"नक्की ना? बहुतेकांकडे कोणी ना कोणी येतंच, मग पेपर रद्द करावा लागतो."

"माझ्याकडे कोणी येणार नाही," मी म्हटलं.

"व्हेरी गुड, मॅडम," ती म्हणाली आणि तिनं पेपर उघडला.