वाऱ्याच्या जाळीतला काटा

फ्यूजमावशींनी सुनेशी भांडून घर सोडलं आणि आता त्या गाडीत राहतात, ही बातमी आमच्या गल्लीत इस्त्रीवाल्याकडून निघाली. त्याच्या बातमीत मावशी गाडीत नुसत्या बसल्या होत्या. किराणा दुकानापर्यंत पोचेस्तोवर त्या रडायला लागल्या होत्या. माझ्या दारात बातमी आली तेव्हा त्यांनी गाडीत स्टोव्हही नेला होता. यातला स्टोव्ह माझा नाही, एवढं स्पष्ट सांगतो. रडण्याबद्दल मी काही बोलत नाही.

पुरावा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, मावशींची जुनी पांढरी गाडी काळ्या ताडपत्रीखाली पुरती झाकलेली, आणि ताडपत्रीच्या आतून खोकल्याचा आवाज. शेजारधर्म म्हणून मी गेलो. कुतूहल म्हणून गेलो असं आमची ही म्हणते, पण ती माझ्याबद्दल बरंच काही म्हणते. मी ताडपत्रीचं एक टोक उचललं.

"कोण आहे ते?" आतून मावशी कडाडल्या.

"मी. शेजारचा."

"टोक सोड आधी! उजेड येतोय. आत रात्र चालू आहे."

मी टोक सोडलं आणि बाहेर उभा राहून ताडपत्रीशी बोलत राहिलो. खरी हकिगत अशी निघाली. मावशींना गाडीत इंजिनाच्या उष्णतेचा एक वेगळा काटा बसवायचा होता. तो डॅशबोर्डच्या माथ्यावर बसवला तर रात्री त्याचा दिवा समोरच्या काचेत उमटतो का, हे त्या पाहत होत्या. रात्रीपर्यंत थांबायचं सोडून त्यांनी दुपारीच रात्र केली होती. घामाने निथळत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उमटतो. समोर रस्त्यात हिरवा चंद्र तरंगतोय. ही जागा बाद." मग माझ्याकडे बघून, "आणि मी रडत नव्हते. सांग सगळ्यांना. तूच सांगितलं असशील."

आता मावशी कोण ते सांगायला हवं. मोठ्या रस्त्यावर, टायरवाल्याच्या शेजारी, गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं दुकान आहे. सुरुवातीला ते काकांचं होतं आणि मावशी फक्त बॅटरी धरून उभ्या राहायच्या. बॅटरी धरता धरता त्या "ती नव्हे, पिवळी वायर" असं म्हणायला लागल्या आणि काका गपचूप पिवळी वायर धरायला लागले. काका गेल्यावर गिऱ्हाइकं यायची, दुकानात डोकावायची आणि विचारायची, "मिस्त्री कुठे गेले?" मावशी अंबाड्यात खोचलेला टेस्टर काढून म्हणायच्या, "मिस्त्री समोर उभे आहेत. बॉनेट उघडा." फ्यूजमावशी हे नाव त्यांच्या धंद्यावरून पडलं की स्वभावावरून, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. मी दोन्हींत आहे.

त्यांच्या कामाची एक तऱ्हा होती. ज्यादाचा कोणताही मीटर, घड्याळ, दिवा बसवायचा झाला तर त्या लगेच भोक पाडत नसत. कणकेचा घट्ट गोळा करायच्या, त्यात ती वस्तू रुतवायच्या, गोळा डॅशबोर्डवर चिकटवायच्या आणि गिऱ्हाइकाला सांगायच्या, "जा, फिरून ये चार दिवस. मग बोलू." त्यामुळे गावात कुणाच्या गाडीत कणकेचा गोळा आणि गोळ्यावर मुंग्यांची रांग दिसली की समजायचं, काम मावशींकडे आहे.

पण या वेळी गाडी घरची होती आणि प्रश्न सुनेचा होता. सून परिचारिका. टेकडीपलीकडच्या दवाखान्यात तिला प्रमुख म्हणून बोलावलं होतं आणि तिकडे जायला स्वतःच्या गाडीशिवाय सोय नव्हती. पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन गेली ती चढावर अडकली. इंजिनातलं पाणी उकळलं, बॉनेटमधून वाफ, आणि ही रस्त्याच्या कडेला पर्स छातीशी धरून उभी. गाडीत इंजिन तापल्याचं सांगणारा एक लाल दिवा होता, पण तो बोंबलला तो सगळं झाल्यावर. तेव्हापासून गाडीची किल्ली खिळ्याला टांगलेली होती आणि सून म्हणत होती, "आई, मी त्यांना नाही म्हणून कळवते. इथलं काय वाईट आहे?"

मावशी म्हणाल्या, "काम आवडत नाही म्हणून नाही म्हण, मी चहा करून देते. चढाला भिऊन नाही म्हणायचं नाही. तो चढ माझ्या ओळखीचा आहे."

सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं, किंवा नाही म्हणून कळवायचं होतं. म्हणजे मावशींना त्याआधी काटा बसवायचा होता, आणि अशा जागी की चालवताना सुनेला तो न शोधता दिसावा.

मुलाचं म्हणणं वेगळंच. काचेशेजारच्या खांबावर काटा लावायचा, शर्यतीच्या गाडीसारखा. "आई, कसली भारी दिसेल गाडी!"

"गाडी दिसायला नाही, काटा दिसायला लावायचाय," मावशी म्हणाल्या. "आणि त्या खांबाआड आधीच अर्धा माणूस लपतो. वर काटा लावला की पूर्ण लपेल. वळताना तुझ्यासारखाच कुणीतरी मोबाइलमध्ये बघत येईल तो."

गिअरपाशी खाली लावून पाहिला. नजर रस्त्यावरून उतरून गुडघ्यापर्यंत जाते म्हणून ती जागा बाद. माथ्यावरच्या जागेचं मी सांगितलंच. शेवटी मावशींनी जागा ठरवली ती स्टिअरिंगच्या मागची, चाकाच्या वरच्या फटीतून समोर दिसणारी. सीटवर ताठ बसून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. काटा लख्ख दिसत होता. त्या इतक्या खूश झाल्या की चार दिवसांची फेरी विसरल्या आणि त्यांनी ड्रिल काढलं. मी, मुलगा आणि इस्त्रीवाला, तिघांसमोर भोक पाडलं आणि काटा आवळून बसवला. फुंकर मारून भुसा उडवला आणि आमच्याकडे असं पाहिलं की इस्त्रीवाल्याने टाळ्याच वाजवल्या.

सून आली. सीट पुढे ओढली, खाली उशी घेतली, एक फेरी मारून परत आली.

"काय म्हणतो काटा?" मावशींनी विचारलं.

"छान आहे, आई."

"दिसला ना नीट?"

"हो हो. एकदम नीट."

"किती दाखवत होता?"

"मधोमध होता."

मावशींनी टेस्टर अंबाड्यात परत खोचला. "अगं, त्याला अजून वायरच जोडली नाहीये. तो तळाला पडून आहे सकाळपासून."

मुलगा बुटांकडे बघायला लागला. इस्त्रीवाल्याला अचानक आठवलं की इस्त्री चालू राहिली आहे. माझी कुठलीच इस्त्री चालू नव्हती, म्हणून मी थांबलो. सुनेचे कान लाल झाले होते. "आई, तुम्ही एवढं मन लावून केलंत... मला चाकाचाच गोल दिसतो. मान उंच केली तर थोडासा दिसतो, पण मग पाय क्लचवरून सुटतो."

मला वाटलं, आता फ्यूज उडणार. मी अर्धं पाऊल मागेही घेतलं. पण मावशी गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या आणि सुनेच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या घरातल्या सगळ्यात उंच, सून सगळ्यात बुटकी. एवढी मापं काढली ती सगळी स्वतःच्या डोळ्यांनी.

"मी माझा चष्मा तुला लावत बसले," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला चार दिवस फिरवते मी. तू घरची, म्हणून तुला विचारलंच नाही. बस आत. सीट तुझ्या हिशेबाने घे. उशी घे. हां. आता समोर रस्त्याकडे बघ आणि मान न हलवता सांग, नजर सहज बाजूला गेली तर पहिल्यांदा कुठे पडते?"

सुनेने बराच वेळ समोर पाहिलं. मग बोट केलं आणि लगेच मागे घेतलं. "नको आई. ती तुमची जाळी आहे."

डॅशबोर्डच्या मध्यावर एसीचा वारा येतो त्या दोन जाळ्यांपैकी ही चालकाजवळची. मावशी कायम शेजारच्या सीटवर बसतात आणि मधल्या दोन्ही जाळ्या स्वतःच्या तोंडाकडे वळवून ठेवतात. त्यावर कुणाचा हात गेला तर हात परत येतो, पण चापट खाऊन. मुलाने लग्नानंतर पहिल्याच प्रवासात बायकोला दिलेली सूचना होती, "आईला काही बोल, जाळीला हात लावू नकोस."

मावशींनी जाळीकडे पाहिलं. वारा नव्हताच, गाडी बंद होती, तरी त्यांनी तोंड एकदा जाळीसमोर नेलं. मग स्क्रूड्रायव्हर घातला आणि जाळी उपटून काढली.

मागून वाऱ्याची वाट बुच घालून बंद केली, काटा त्या गोल जागेत कणकेसकट बसवला आणि या वेळी सुनेला खरंच गावभर फिरवलं. मग पक्का केला, वायर जोडली. सुनेकडून लाल नेलपॉलिश मागून काचेवर बारीक रेघ मारली. "इथे आला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू. इंजिनाचा ताप गाडीत ओढून घ्यायचा. तरी चढला तर रुंद जागा बघून थांबायचं, इंजिन चालू ठेवून." स्टिअरिंगमागच्या भोकाला त्यांनी रबराची टिकली लावली. ती अजून आहे. कुणी विचारलं तर सांगतात, "ती माझी चूक आहे. हात लावू नका."

रविवारी चढाची परीक्षा ठरली. मी मागच्या सीटवर होतो. कुणीतरी साक्षीदार हवाच, नाहीतर गल्लीला खरं कोण सांगणार? चढ लागला. दुसऱ्या वळणानंतर काटा हलला. मागून मला दिसत होता. मावशींना तर दिसतच होता. त्यांनी दाराची मूठ धरली आणि ओठ असे दाबले की मला त्यांचीच काळजी वाटली. त्या बाईने कधी कुणाला चुकीची वायर धरू दिली नाही, आणि आता त्या एक शब्द बोलत नव्हत्या.

काटा लाल रेघेला टेकला. सुनेची मान हलली नाही. तिने हात खाली नेला, एसी बंद केला, हीटर पूर्ण फिरवला. गाडीत भट्टी पेटली. पुढे रस्ता रुंद झाला तिथे तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून थांबली. काटा तिथेच थबकला, मग कुरकुरत खाली यायला लागला.

"निघू का, आई?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार."

"त्याला विचारूनच बोलतेय," सून म्हणाली आणि तिने गिअर टाकला.

माथ्यावर गाडी थांबली तेव्हा मावशी आधी उतरल्या. तिथे एक अनोळखी ट्रकवाला टायरला पाणी मारत होता. त्याने काही विचारलं नव्हतं. मावशी त्याच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "सून आहे माझी. उद्यापासून पलीकडच्या दवाखान्याची प्रमुख. रोज याच रस्त्याने जाणार. जपून चालव." ट्रकवाल्याने मान डोलावली. दुसरं काही करायची त्याची हिंमत नव्हती.

सोमवारी खिळ्यावर किल्ली नव्हती.

पण ते नंतर. माथ्यावर मी शर्ट पिळत गाडीबाहेर आलो आणि म्हटलं, "मावशी, तुमची जाळी बंद, म्हणून सगळी आग मागे माझ्याच तोंडावर आली. काटा बसवलात की मला शिजवायला घेतलंत?"

मावशींनी पदराने कपाळ पुसलं, गाडीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घाम तुझा, काटा माझा आणि गाडी माझ्या सुनेची. ज्याला गार वारा हवा असेल त्यानं मागून चालत यावं."