सासूचा पहिला घास

पेठकडच्या एका पाड्यावर मी गरोदर बायकांची वजनं घ्यायला जाते. दुपारी त्यांना अंगणवाडीत गरम जेवण मिळतं. तिथे एक सासू दर वेळी सुनेला खेटून बसलेली दिसे. काटक बाई, दर वाक्याला डोक्यावरचा पदर पुढे ओढायची सवय. ताट आलं की पहिला घास हीच उचलणार. कधी डाळभाताचा, कधी अंड्याचा तुकडा. मग तोंड पुसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "झालं बाई माझं जेवण!" तेव्हा कुठे सून ताटाला हात लावायची.

मला आधी रागच यायचा. दोन जिवांच्या पोरीच्या ताटातलं काय खाते ही? पण सुनेचं वजन तर छान वाढत होतं. शेवटी न राहवून मी विचारलंच, "मावशी, एका घासानं पोट भरतं तुमचं?"

"कशाचं भरतंय!" तिनं पदर ओढला. "पन सासूच्या आधी सुनेनं जेवायचं नाय, असं हाय आमच्यात. घरी सगळ्यांचं होईस्तोवर हिच्या वाट्याला काय उरतंय? म्हनून मी हितंच जेवून घेते."

"मग घरी गेल्यावर तुम्ही काय खाता?"

"आता जेवले ना, ताई, तुमच्या म्होरं!" ती हसली.

सुनेनं ताट चाटूनपुसून संपवलं. मग सासू उठली, माठाकडे गेली आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायली.