ताणा होता, आडवं सूत नव्हतं

लढाईच्या दिवसांत संगमनेरात सूत रेशनवर मिळू लागलं. आमच्या घरी लुगडी विणायचे सहा माग होते. माग आमचे हे आणि माझे दीर चालवत, पण कोणत्या मागावर काय चढवायचं, ते मी ठरवी. सूत किती येईल, रंगाऱ्याकडून कधी परत मिळेल, सगळं आधीच जुळवावं लागे. उभा ताणा चढवला आणि आडवं सूत आलं नाही, तर माग अडकून पडे.

त्या वर्षी आडव्या सुताची टंचाई होणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी निम्मेच माग चालू ठेवले आणि आडवं सूत माळ्यावर राखून ठेवलं. गल्लीतले माग एकेक करून बंद पडले. आमची खटखट तेवढी चालू. लोकांना वाटलं, आम्ही साठा करून चढ्या भावानं विकणार.

एका दुपारी गल्लीतले काही विणकर दार मोडून आत घुसले. पुढे शेजारचा विणकर. त्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं.

"वहिनी, सूत काढा भायेर!"

"विकायला न्हाई ठेवलं. मागावरचं पुरं करायला हाय."

दीर आडवे गेले. शेजाऱ्यानं आडवं सूत फिरवायचा धोटा उचलून त्यांच्या तोंडावर हाणला. त्याचं लोखंडी टोक गालातून आरपार गेलं. ह्यांना दोघांनी भिंतीवर आपटलं. तिसरा एकजण विळ्यानं ताणे कापत सुटला. दोन ताणे कापून तो तिसऱ्याकडे वळला, तेव्हा मी चुलीवरची, सुताला लावायची उकळती खळ उचलली आणि त्याच्या हातांवर ओतली. चिकट खळ कातडीला धरून राहिली. तो गुरासारखा ओरडला. तरी बाकीच्यांनी माळा रिकामा केलाच.

दिरांचा गाल शिवला, पण बोलणं बोबडंच राहिलं. खळीनं भाजलेल्याची बोटं आखडली. तो पुन्हा मागावर बसला नाही. तिसरा ताणा वाचला होता, एवढंच मी मनाला सांगत असे; पण त्यात घालायला आडवं सूत उरलं नव्हतं.

पुढे एके दिवशी शेजारी आडव्या सुताचा गठ्ठा घेऊन दारात आला. त्याच्याकडे आता ताण्याला सूत नव्हतं.

"तुमचा ताना, माजं सूत. मिळून इनू, वहिनी."

दिरांनी त्याला लाथ घालून अंगणात पाडलं आणि दमेपर्यंत मारलं. त्यानं हात उचलला नाही. मग दीर बाजूला झाले. मी गठ्ठा उचलून आत नेला.

त्या ताण्यावरची लुगडी विणून झाली. काम चाललं होतं तोवर आमच्यात कुणी एक शब्द बोललं नाही.