टायरातले तेवीस काटे

मी चांगल्या चालत्या गाडीच्या टायरांमधून तेवीस काटे उपटून काढले. एकेक करून, बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्याने. पंक्चर होऊ नये म्हणून.

गाडी म्हणजे मोटार नव्हे. चार फुगीर टायर, वर मोटारसायकलसारखी लांब सीट आणि हँडल, अशी डोंगरात हुंदडायची गाडी. आमच्या कंपनीतल्या एकाने ती हौसेने घेतली आणि दोन महिन्यांत कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. त्या काळात माणसं अशीच जायची. या सोमवारी शेजारच्या खुर्चीत, पुढच्या सोमवारी ऑनसाइट. जाताना कुणी तुळशीची कुंडी मागे ठेवून जाई, कुणी मासे. माझ्या वाट्याला ही गाडी आली. तिला नंबर नव्हता, त्यामुळे रस्त्यावर आणायची सोय नव्हती. खडकवासल्याच्या पलीकडे एका गावात, एका बाईंच्या गोठ्यात ती उभी असे. गोठा रिकामाच होता. बैल ज्या जमिनीत राबायचे ती विकली गेली, तेव्हा बैलही विकले गेले.

ती जमीन एका बिल्डरने घेतली होती आणि तिच्या मागचा अर्धा डोंगरही. या डोंगराशी माझ्या वडिलांचा संबंध होता.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. नारायण पेठेतून दर रविवारी पहाटेची बस धरून ते आणि त्यांचे कचेरीतले पाच-सहा जण या उजाड डोंगरावर झाडं लावायला जात. गोड्या तेलाच्या रिकाम्या डब्यांतून खालच्या विहिरीचं पाणी वर नेत. शाळेत असताना बाबा मला चल म्हणत आणि माझा नेमका रविवारीच क्लास असे. असा क्लास पुण्यात कुठेही नव्हता. मी उठून आतल्या खोलीत झोपत असे आणि बाबांना ते ठाऊक होतं.

पुढे त्यांचे साथीदार एकेक करून कमी झाले आणि बाबांचे गुडघे गेले. चार वर्षांत त्यांनी डोंगर पाहिला नव्हता. शेवटचं रोप वडाचं होतं. ते लागलं की गेलं, एवढंच त्यांना बघायचं होतं. आणि पुढच्या आठवड्यात वर तारेचं कुंपण पडणार, अशी बातमी आली होती.

मी म्हणालो, मी जातो आणि मोबाइलवर फोटो काढून आणतो.

"फोटो कशाला?" बाबा म्हणाले. "मी काय त्याला मुलगी दाखवतोय?"

मग मीच उत्साहाने सांगितलं की रविवारी आपण गाडीने जाऊ, थेट बुंध्यापर्यंत.  शुक्रवारी बाबांनी कपाटातून जुनी कॅनव्हासची टोपी काढून गॅलरीत वाळत घातली. धुतलेली नव्हती, नुसतीच उन्हाला. ती टोपी बघून मला घाम फुटला.

कारण त्या डोंगराच्या वाटेवर बाभळी आहेत. वाटेत पंक्चर झालं तर बाबांना एक पाऊलही चालवणार नाही. तेव्हा पंक्चर होताच कामा नये. कंपनीत मी हेच काम करत असे. एखादी गोष्ट कुठे कुठे बिघडेल याची यादी करायची आणि बिघडण्याआधीच बंदोबस्त करायचा. मी जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर बसलो आणि या गाड्यांच्या टायरांबद्दल जगात जे काही लिहिलंय ते वाचून काढलं. त्यातून दोन गोष्टी मनात पक्क्या बसल्या. एक, या टायरांत हवा अगदी कमी ठेवायची, अंगठ्याने दाबलं तर पिकल्या पपईसारखा टायर आत गेला पाहिजे. दोन, निघण्याआधी टायरात घुसलेल्या वस्तू शोधायच्या. शोधून पुढे काय करायचं हे बहुधा पुढच्या पानावर असावं. तेवढ्यात माझी मीटिंग लागली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पंक्चरवाले बसत. त्यांना काट्यांबद्दल सहज विचारलं. ते हातातल्या ट्यूबवरून मान वर न करता म्हणाले की टायरात भोक बुजवणारं औषध भरून घ्या, चाकं इथे आणा, मी भरून देतो. आणि तोवर काट्यांना हात लावू नका.

आता पुण्यात तीन पिढ्या काढलेल्या माणसाला असा सल्ला ऐकून काय वाटेल? मला वाटलं, हा गिऱ्हाईक बांधून ठेवतोय. काटा टायरात राहू द्या म्हणे! उद्या डॉक्टर म्हणेल, पायात राहू द्या. आपल्याला कुणी बनवू शकत नाही, या समाधानात मी घरी आलो आणि चिमटा खिशात टाकला.

शनिवारी दुपारी गोठ्यात उकिडवा बसून मी काटे काढले. काही बोटाच्या पेराएवढे लांब होते. प्रत्येक काटा निघताना इतकं बरं वाटे की मी तेविसाव्यानंतरही चोविसावा शोधत होतो. सगळे काटे मी एका प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवले. बाबांना दाखवायचे होते. इतकी वर्षं क्लासला गेलेला मुलगा काय काय करू शकतो, ते त्यांनाही कळायला हवं.

रविवारी सकाळी मी चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले. पिकल्या पपईसारखे आत गेले. मी खूश झालो. जे टायर मऊच असायचे असतात, त्यांची हवा जाते आहे हे अंगठ्याला कसं कळणार, हा प्रश्न मला पडला नाही.

बाबा मागे बसले, डोक्याला टोपी, दोन्ही हातांनी माझा शर्ट धरून. निम्मी वाट सरली. मग एका वळणावर खांद्याच्या मागून आवाज आला, "ते करंज आमचे." पुढे पुन्हा, "तो कडुनिंब. त्याला शेरडांनी तीनदा खाल्ला होता." आवाज ओळखीचा वाटेना. मी गाडी आणखी सावकाश केली. आयुष्यात पहिल्यांदा त्या रविवारच्या बसमध्ये बसल्यासारखं वाटलं.

आणि गाडी डाव्या अंगाला बसली. मग मागून बसली. उतरून बघतो तर तीन टायर जमिनीवर पसरलेले, पोळी तव्यावर पसरावी तसे. वड डोंगराच्या पोटामागे होता. बाबा म्हणाले, दोन वळणं राहिली.

मी पायपंप काढला. अशा टायराला पायपंपाने हवा भरणं म्हणजे चाळणीने हौद भरणं. शंभर वेळा पाय मारावा, टायर जरा उठावा, आणि मी कपाळाचा घाम पुसेपर्यंत पुन्हा बसावा. कान लावला तर आतून बारीक सूं सूं ऐकू येई, एकाच वेळी सात-आठ ठिकाणांहून. मोबाइलला रेंज नव्हती. आणि असती तरी मी कुणाला फोन करणार होतो? अमेरिकेत तेव्हा रात्र होती.

शेवटी मी वाकलो आणि म्हणालो, "बाबा, पाठीवर बसा."

"पडशील."

"बसा हो."

मी चौदा पावलं गेलो. पंधराव्याला माझ्या कमरेतून असा काही आवाज आला की बाबाच म्हणाले, उतरव. त्यांना दगडावर बसवून मी शेजारी आडवा झालो. बाबा वळणाकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात गोठ्याच्या बाई वरून शेळ्या घेऊन उतरल्या. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, टायरावरून तळवा फिरवला आणि विचारलं, "काटं कुनी काडलं?"

मी डबी दाखवली. कशासाठी दाखवली ते देव जाणे.

"अवो, काट्यानंच भोक बुजलं व्हतं की," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली आणि माझेच काटे, थुंकी लावून, एकेका भोकात पुन्हा बसवायला सुरुवात केली. मी पंप मारत होतो, त्या आवाज कुठून येतो ते ऐकून काटा दाबत होत्या. अर्ध्या तासाने तिन्ही टायर उभे राहिले. बाबांना बसवलं, गाडी चढाला लावली. चार हात गेलो असू. सगळा भार मागच्या चाकांवर आला आणि एक काटा फुस्स करून बाहेर उडाला. त्याच्या पाठोपाठ दुसरा. बाई म्हणाल्या, आता वर नाही. भार पुढच्या चाकांवर राहील असं खालीच न्या, इंजिन बंद करून, हळू.

"वर एक वड होता," बाबा म्हणाले. त्यांनी हे मला नाही, बाईंना सांगितलं. "लहान. खडकाला लागून."

"हाय की."

"आहे?"

"न्हाय कसा! उन्हाची शेरडं तिथंच बसत्यात. पाच-सहा मावत्यात सावलीला."

बाबांनी टोपी काढली, तिच्या आत बघितलं आणि पुन्हा घातली. "पाच-सहा," ते म्हणाले. 

बाई शेळ्या तिथेच सोडून वर गेल्या. मी गाडीचे ब्रेक धरून उभा, कमरेला हात लावून, आणि शेळ्या माझ्या पंपाची नळी चावत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात वडाची एक डहाळी होती. तळहाताएवढी पानं, देठाशी दोन तांबडी फळं. बाबांनी ती दोन्ही हातांत घेतली. पानं उलटीसुलटी करून पाहिली, कीड आहे का ते बघितलं, आणि एक पान शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घरामागे सरकवलं.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी बाईंना म्हणालो, मी खूप काळजी घेतली हो. दोन दिवस तयारी करत होतो. आणखी काय करायला हवं होतं?

बाईंनी रिकामी डबी माझ्या हातात परत दिली.

"तुमी कायबी केलं नसतं ना सायेब," त्या म्हणाल्या, "तर आबा आत्ता झाडाखाली बसलं असतं."