बंद दिव्याची ओळ

टेपवाल्या हवालदारांसमोर ‘अंदाजे’ हा शब्द काढायची सोय नव्हती. गवंड्याकडे असते तसली पोलादी टेप त्यांच्या खाकी पँटच्या खिशात असायची आणि तिच्या वजनाने तो खिसा कायम उसवलेला असायचा. कोणी म्हणाले, “साहेब, इथून पंधरा-वीस फुटांवर गाडी होती,” की ते टेपचे टोक त्याच्याच हातात द्यायचे. “धरा. तुम्हीच सांगा किती ते.” खरे नाव छातीवरच्या पट्टीवर होते. पण द्वारका चौकाच्या अंगाला ज्यांची दुकाने, हातगाड्या होत्या ते सगळे त्यांना टेपवालेच म्हणत.

माझी भाजीची गाडी त्यांच्या चौकीसमोर असे. मी चौथी शिकलेला माणूस. पण अंगठा कधी कुठे दिला नाही. सही करतो आणि वळणदार करतो. चोरी झाली, अपघात झाला, की पोलीस जागा पाहून पंचनामा लिहितात आणि त्यावर दोन बाहेरच्या माणसांच्या सह्या घेतात. असा पंच म्हणून चौकीतले लोक मला नेहमी धरायचे. कागद यायचा, मी मेथीच्या जुड्या बाजूला सारायचो आणि सही ठोकायचो. त्यात मला मान वाटायचा. टेपवाले बदलून आले तेव्हा त्यांच्याकडेही मी असाच पेन मागितला, तर त्यांनी कागद मागे घेतला.

“काका, जागा पाहिली का?”

“त्यात काय पाह्यचं? तुम्ही लिवलंय ना.”

“मग सहीपण मीच करतो की. तुमची कशाला?”

चार माणसांत बोलले. मला राग आला. पण गाडी शेजाऱ्यावर सोडून गेलो, फोडलेले कुलूप पाहिले आणि मग सही केली. त्यानंतर न पाहता कधी केली नाही.

चौकीत येणाऱ्या निम्म्या लोकांना चोर पकडून नको असतो, कागद हवा असतो. कोणाला नवे सिम कार्ड घ्यायचे असते, कोणाला दुसरी मार्कशीट काढायची असते, कोणाला विमा. एकदा एक पोरगा मोबाईल चोरीला गेला म्हणून आला. टेपवाल्यांनी विचारले, “चोर पाहिलास? खिशात हात गेलेला कळला? नाही ना? मग हरवला. हरवला असं लिहू.” एक म्हातारी यायची, पुतण्या शिव्या देतो म्हणून. “त्याला बोलवू नका, मारू नका, नुसतं लिवून ठेवा,” म्हणायची. बाकीचे हसायचे. टेपवाल्यांनी तिचे पानभर लिहून घेतले. मी विचारले, याचा उपयोग काय? ते म्हणाले, “कागद आपल्यासाठी नसतो, काका. जो तिथं नव्हता त्याच्यासाठी असतो.”

जबाब वाचून दाखवताना ते पंखा बंद करायचे. बाकीचे लोक ‘वाचून दाखवला, बरोबर आहे’ एवढी शेवटची ओळ एका दमात म्हणून पेन पुढे करतात. टेपवाले पहिल्या अक्षरापासून वाचायचे. घामाने निथळणारा माणूस म्हणायचा, साहेब, कळलं, द्या सही करतो. ते म्हणायचे, “सगळं ऐकल्याशिवाय सही नाही.”

मग आमच्यावर पाळी आली. दिवेलागणीला माझा मुलगा टेम्पो घेऊन घरी येत होता. द्वारकेच्या अलीकडे पुढचे चाक पंक्चर झाले म्हणून त्याने टेम्पो कडेला घेतला आणि चाकाशी बसला. मागून ट्रक आला, ऐन वेळी कडेकडे वळला आणि टेम्पोचा पुढचा पत्रा घासत मुलाचा पाय चिरडून गेला. ट्रकवाल्याचे म्हणणे, टेम्पो भर रस्त्यात उभा होता.

मुलाला दवाखान्यात पोचवून मी जागेवर आलो तर टेपवाले गुडघ्यावर बसून मोजत होते. टेम्पोची उजवी चाके डांबराच्या कडेपासून दोन फूट चार इंच बाहेर, मुरमावर. ते लिहिले. मग मागे गेले. डावा दिवा चालू. उजव्या दिव्याची काच शाबूत, आत बल्बच नाही. तेही लिहिले.

मी म्हणालो, “साहेब, तेवढी ओळ खोडा. पोराचा पाय गेला, आता त्याचाच दोष काढता?”

“आहे ते आहे, काका.”

“तुमच्या पोराचा पाय असता तर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तरी बल्ब नव्हताच.” मग विचारले, “कधीपासून नाही?”

“मला काय म्हाईत!”

त्यांनी माझ्या जबाबात तसेच लिहिले. चौकीत पंखा बंद करून वाचून दाखवले. “एवढंच ना?” म्हणाले. मी म्हणालो, एवढंच. सही केली. मुलाने दवाखान्यातल्या जबाबात सांगितले, बल्ब लावायचा माझ्याच्यानं राहून गेला. पुढे दोन वर्षे मी त्यांना नमस्कार केला नाही. गाडीही चौकीसमोरून हलवली.

भरपाईचा दावा उभा राहिला तेव्हा ट्रककडचे वकील म्हणाले, हा भाजीवाला तेव्हा चौकीसमोरच बसायचा, त्याने पोलिसांना हाताशी धरून पंचनामा करून घेतला. न्यायाधीशांनी तो कागद पुन्हा वाचला. म्हणाले, हाताशी धरले असते तर बंद दिव्याची ओळ यात राहिली असती का? त्या एका ओळीपायी बाकीच्या ओळी खऱ्या धरल्या गेल्या. दोन फूट चार इंचही. दिव्यापायी भरपाईत थोडी कपात झाली. ती बरोबरच होती.

टेपवाले निवृत्त झाल्यावर एकदाच भेटले, गंगापूर रोडला, टोमॅटो निवडताना. चार दाबून पाहायचे, एक घ्यायचे.

“पोरगं कसं आहे?”

“काठीनं चालतो.” मग मी म्हणालो, “साहेब, त्या दिव्याचं...”

“हं?”

“काय नाय.”

त्यांनी पिशवी उचलली. “जबाबात काही राहून गेलं असलं तर पुरवणी जबाब देता येतो, काका. माणूस विसरतो.” विसरतो म्हणाले. दुसरा शब्द त्यांना येत नव्हता असे नाही.

दिवाळीनंतर ते गेल्याचे मला चौकीवर कळले. लिहून घेणारा गेला, म्हणून हे मीच लिहितो आहे.

बल्ब पंधरा दिवसांपासून नव्हता. मुलाने मला तीनदा सांगितले. टेम्पो माझ्या नावावर, सगळे माझ्या हुकमाने चालायचे. मी म्हणालो, एका दिव्यानं चालतंय, माल संपू दे, मग बघू. आजवर सून मुलाला घालूनपाडून बोलते की तुम्हाला एक बल्ब लावता आला नाही. मी समोर बसून ऐकत आलो. मुलाने एकदाही माझ्याकडे बोट दाखवले नाही.

लिहून झाल्यावर मी वही सुनेकडे दिली, म्हटले मोठ्याने वाच. मी पंखा बंद केला. ती बल्बच्या ओळीपाशी आली आणि थांबली. पलीकडच्या खोलीत मुलाच्या काठीचा आवाज येत होता, तोही थांबला.

“बापू, पुढं वाचू?”

“वाच. सगळं ऐकल्याशिवाय सही नाही.”

तिने शेवटपर्यंत वाचले. मग मी सही केली.